बिंदूनंतरचे पद : संकेतस्थळांच्या नावांचा अन्वयार्थ



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी संगणकावरील पत्त्यांचा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझे उत्तर सोपे आहे. शब्दाच्या शेवटी काय लागते आणि त्यामुळे त्याचा संबंध कोणाशी जडतो, हे वर्गात सांगण्यातच माझी सारी नोकरी गेली. संकेतस्थळाच्या नावाच्या शेवटीही एक बिंदू आणि त्यापुढे एक छोटे पद असते. डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट इन हे शेवट आपण रोज पाहतो. मात्र ते वाचतोच असे नाही. वरातीत शेवटी चालणाऱ्या माणसाकडे जसे कोणी लक्ष देत नाही, तसे या पदाचे होते. आणि आपल्या वयाच्या मंडळींची ठेव, निवृत्तिवेतन, हयातीचा दाखला हे सारे आता ज्या पडद्यावरून चालते, तेथे खरे दार कोणते आणि बनावट कोणते, हे ओळखण्याची किल्ली बहुतांशी या शेवटच्या पदापाशी आहे. माजी विद्यार्थी संघ शाळेचे संकेतस्थळ काढण्याच्या विचारात आहे आणि नावाच्या शेवटी काय घ्यावे यावर दोन बैठका झाल्या आहेत, असे ऐकतो. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

इंग्रजीत याला 'टॉप लेव्हल डोमेन' म्हणतात. मी सोयीसाठी 'अंत्यपद' म्हणेन. व्याकरणातील प्रत्ययाशी त्याची तुलना करण्याचा मोह मला होतो, पण ती एका मर्यादेपर्यंतच चालते. प्रत्यय शब्दाचा वाक्यातील संबंध सांगतो. अंत्यपद सांगते ते एवढेच, की हे नाव कोणाच्या नोंदवहीत लिहिलेले आहे. ती नोंदवही सांभाळणारा चौकस असेल तर नावाला वजन येते. तो कोणालाही, काही न विचारता नाव देत असेल तर त्या पदाचा कोशातील अर्थ काहीही असो, व्यवहारात त्याला अर्थ उरत नाही. आजचे माझे सारे विवेचन या एका भेदाभोवती आहे.

प्रथम हे नाव वाचावे कसे ते पाहू. आपण पोस्टकार्डावर पत्ता लिहीत आलो तो लहानाकडून मोठ्याकडे : घर, आळी, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. टपालखाते मात्र तो शेवटाकडून वाचते. पत्र आधी जिल्ह्याला जाते, मग तालुक्याला, मग गावात, आणि आळीतील घर कोणते हे शेवटी पोस्टमन पाहतो. संगणकाचे नाव नेमके याच आपल्या रीतीने लिहिलेले असते. आधी शाळेचे नाव, मग बिंदू आणि ईडीयू, मग बिंदू आणि इन. यंत्र ते उजवीकडून उकलते : 'इन' म्हणजे भारताची नोंदवही, तिच्यातील 'ईडीयू' म्हणजे शिक्षणसंस्थांची वही, आणि त्या वहीत ही शाळा.

पिन कोडचा क्रम याच्या उलट आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ती योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. वेलणकर टपालखात्यात अधिकारी आणि लेखणीने संस्कृतचे कवी व नाटककार. त्यांच्या सहा अंकांत मोठा प्रदेश आधी येतो आणि टपालकचेरी शेवटी. म्हणून आपल्या हैदराबादचे सारे पिन ५०० पासून सुरू होतात. संगणकांच्या जगातही हा उलटा क्रम काही काळ नांदला. ब्रिटनमधील विद्यापीठांचे 'जॅनेट' नावाचे जाळे १९८०च्या दशकात देशाचे चिन्ह आधी आणि विभागाचे शेवटी लिहीत असे. संगणकशास्त्राच्या विभागाचे चिन्ह होते 'सीएस', आणि इतर जगाच्या रीतीने शेवटच्या 'सीएस'चा अर्थ होता चेकोस्लोव्हाकिया! क्रम बदलला की अर्थ कोठल्या कोठे जातो, याचे याहून मासलेवाईक उदाहरण मला वर्गात कधी सापडले नव्हते.

आता या पदांचा जन्म. अमेरिकेतील 'अर्पानेट' या आद्य जाळ्यावरील सर्व संगणकांची नावे प्रारंभी एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांची कचेरी ती यादी ठेवी आणि जाळ्यावरील संगणक ती उतरवून घेत. गावात शंभर घरे असताना पाटलाला सारी तोंडपाठ असतात. हजारो झाली की वाडे पाडावेच लागतात. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही वाटणीची पद्धत आखली. ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनल्ड्स यांच्या टिपणाने पहिली अंत्यपदे ठरली : व्यापारासाठी कॉम, शिक्षणासाठी ईडीयू, शासनासाठी जीओव्ही, सैन्यासाठी एमआयएल आणि यांपैकी कशातही न बसणाऱ्या संस्थांसाठी ऑर्ग. जाळे चालविणाऱ्यांसाठी नेट लगोलग आले, तर करारांनी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थांसाठी आयएनटी १९८८ साली. १५ मार्च १९८५ रोजी 'सिम्बॉलिक्स' या संगणक बनविणाऱ्या कंपनीने पहिले डॉट कॉम नाव नोंदविले. आज अशी पंधरा कोटींहून अधिक नावे आहेत.

या मूळ पदांकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती अमेरिकेत, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चाललेल्या जाळ्यासाठी ठरली. म्हणून नुसते 'जीओव्ही' म्हणजे आजही अमेरिकेचे शासन. जगातील इतर साऱ्या सरकारांना त्यापुढे आपल्या देशाचे चिन्ह लावावे लागते. 'ईडीयू'ही बहुतांशी तेथील मान्यताप्राप्त महाविद्यालये व विद्यापीठे यांचेच. ज्याच्या घरी पंगत, त्याची पाने आधी मांडली गेली.

या सातांपैकी ईडीयू, जीओव्ही, एमआयएल आणि आयएनटी या चार पदांच्या दारावर रखवालदार आहे. कॉम, नेट आणि ऑर्ग यांची दारे सताड उघडी आहेत. नोंदणीचे शुल्क भरणाऱ्या कोणालाही ती मिळतात. डॉट कॉमचा मालक व्यापारी असेलच असे नाही. आणि डॉट ऑर्गचा मालक धर्मादाय असेलच, हा तर फारच भोळा समज आहे. आपल्याकडे देणग्या मागणाऱ्या पत्रकावर 'ऑर्ग' दिसले की सज्जन माणसाचा हात खिशाकडे जातो. तो जावा, पण आधी न्यासाचा नोंदणी क्रमांक पाहावा. जुने उदाहरण सांगायचे तर, अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवासाचे नाव 'जीओव्ही'सह लिहिले की तेथील शासनाचे स्थळ उघडते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच नावाला 'कॉम' लावले की जे उघडत असे, ते मुलांसमोर उघडण्यासारखे नव्हते.

तथापि 'ऑर्ग' या पदाभोवती काही एक लौकिक जमलेला आहे, आणि लौकिकालाही बाजारभाव असतो हे २०१९ साली दिसून आले. ही नोंदवही सांभाळणारी 'पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री' ही ना-नफा संस्था 'एथॉस कॅपिटल' या गुंतवणूक कंपनीला एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकण्याचा बेत जाहीर झाला. जगभरच्या सेवाभावी संस्थांनी हाकाटी केली. या साऱ्या अंत्यपदांवर देखरेख करणारी 'आयकॅन' ही १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली संस्था. तिने ३० एप्रिल २०२० रोजी या व्यवहारास संमती नाकारली. तीन अक्षरांची एवढी किंमत होऊ शकते, हे आम्हा कोशकारांच्या कधी लक्षात आले नाही.

आता दोन अक्षरांच्या पदांकडे वळू. ही सारी देशांची किंवा प्रदेशांची आहेत, सुमारे अडीचशे. देश कोणता आणि कोणता नाही, हा प्रश्न किती जळजळीत आहे हे सीमाभागातील माणसाला सांगायला नको. पोस्टेल यांनी तो स्वतःच्या अंगावर घेतलाच नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची १९७४पासून चालत आलेली देशचिन्हांची यादी होती. तीत जे आहे ते आमच्याकडे, तीत नाही ते नाही, हा दंडक त्यांनी घातला आणि १९९४च्या टिपणात तो स्पष्टपणे नमूद केला. मला यात मोठे शहाणपण दिसते. दुसऱ्याच्या यादीकडे बोट दाखविणे हा पळ काढण्याचा प्रकार वाटेल. परंतु त्यामुळेच हे काम चालू राहिले.

तरी इतिहासापुढे कोणाचे चालत नाही. चेकोस्लोव्हाकियाचे १ जानेवारी १९९३ रोजी दोन देश झाले, त्यांना सीझेड आणि एसके ही नवी पदे मिळाली, आणि वर सांगितलेले 'सीएस' १९९५ साली पुसले गेले. युगोस्लाव्हियाच्या 'वायू'ची कथा अधिक गुंतागुंतीची. त्याची व्यवस्था ल्युब्लियाना येथे होती. १९९१ साली स्लोव्हेनिया वेगळा झाला आणि ज्या देशातून आपण बाहेर पडलो त्याचे नाव स्लोव्हेन मंडळीच सांभाळीत राहिली. १९९४ साली ते बेलग्रेडकडे गेले. देश फुटत फुटत नाहीसा झाला, नाव राहिले. अखेर ३० मार्च २०१० रोजी ते बंद झाले. सोव्हिएत संघाचे 'एसयू' सप्टेंबर १९९० मध्ये नोंदले गेले. सव्वा वर्षात तो संघच उरला नाही, पण एसयू पदाची नावे त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ नोंदली जात राहिली.

आपल्या शहरातील जुन्या पत्रांची चळत काढली तर हाच प्रकार दिसेल. 'हैदराबाद दक्खन' लिहिलेली पाकिटे, नंतर १९५६च्या पुनर्रचनेने 'आंध्र प्रदेश', आणि २०१४ पासून 'तेलंगणा'. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे गेले; सुलतान बाजारातील घर मात्र तसूभरही हलले नाही. पत्र कसेबसे पोहोचत राहिले, कारण पोस्टमन घर ओळखत होता. यंत्राला ओळखदेख नसते. नोंदवहीतील शेवटचे पद पुसले गेले की त्याखालची सारी नावे एका दिवसात बेपत्ता होतात. 'वायू'खाली लिहिलेल्या संस्थांना नवी नावे घ्यावी लागली, आणि पुस्तकांत-पत्रांत छापलेले जुने पत्ते निर्जीव झाले.

काही देशांचे नशीब मात्र त्यांच्या चिन्हात दडलेले निघाले. प्रशांत महासागरातील तुवालू हे जेमतेम अकरा हजार वस्तीचे राष्ट्र. त्याचे चिन्ह टीव्ही! दूरचित्रवाणीशी संबंध असणाऱ्या साऱ्यांना हे पद हवेसे वाटले. बारा वर्षांत पाच कोटी डॉलर मिळण्याचा करार झाला, आणि त्या पैशाच्या बळावर तुवालूने सप्टेंबर २००० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व घेतले. कॅरिबियनमधील अँग्विला या बेटाचे चिन्ह 'एआय' असून, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे तीच आहेत. २०२३ साली एवढ्या एका पदाने त्या पंधरा-सोळा हजार वस्तीच्या बेटाच्या शासनाला सुमारे ३.२ कोटी डॉलर, म्हणजे एकूण उत्पन्नाचा पाचवा हिस्सा मिळवून दिला. ज्या बेटाकडे विकायला खनिज नाही, त्याला आपली आद्याक्षरे विकता आली.

असे शेवट आपल्याही हातात रोज येतात. यूट्यूबची छोटी कडी कोणी पाठविली की तिच्या शेवटी 'बीई' असते; ते बेल्जियमचे पद. व्हॉट्सॲपच्या संभाषणाची कडी 'एमई'ने संपते. ते युगोस्लाव्हियातून शेवटी निघालेल्या माँटेनेग्रोचे. पाठविणारा बेल्जियममध्ये नाही आणि माँटेनेग्रोतही नाही, हे सांगणे नको. इंग्रजी शब्द जुळतो म्हणून ते पद घेतले गेले.

परंतु अशा सर्वच कथा हसण्यासारख्या नाहीत. संगणकक्षेत्रातील नव्या कंपन्यांना 'आयओ' हे पद फार आवडते, कारण त्या व्यवसायात ती 'इनपुट-आउटपुट'ची आद्याक्षरे आहेत. वस्तुतः ते ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचे, म्हणजे चागोस द्वीपसमूहाचे चिन्ह. मॉरिशस स्वतंत्र होण्यापूर्वी १९६५ साली ब्रिटनने ही बेटे त्यापासून तोडली. दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा सैनिकी तळ व्हावा म्हणून १९६८ ते १९७३ या काळात तेथील दीड-दोन हजार रहिवाशांना, नारळाच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसांना, बेटे सोडावयास लावून मॉरिशस व सेशेल्स येथे नेऊन सोडले. १९९७ साली 'आयओ' हे पद नोंदले गेले तेव्हा त्या प्रदेशात स्थायी रहिवासी असा एकही उरला नव्हता. घरातली माणसे हाकलून झाल्यावर दारावरची पाटी भाड्याने दिली गेली! त्या उत्पन्नातून आपल्याला काही मिळाले नाही ही विस्थापितांची तक्रार आहे. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही आहेत. तेव्हा हे शेजार आपल्याला अगदी अनोळखी नव्हे. २०१९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही बेटे मॉरिशसला परत द्यावीत असे मत दिले, आणि २२ मे २०२५ रोजी ब्रिटन व मॉरिशस यांनी तसा करार केला. हा प्रदेश देशांच्या यादीतून निघाला तर 'आयओ'लाही 'वायू'ची वाट धरावी लागेल, असा आयकॅनचा नियम आहे. म्हणजे हजारो कंपन्यांची नावे ज्यांच्या बेटांच्या आद्याक्षरांवर उभी आहेत, त्यांचा प्रश्न या निमित्ताने तरी त्या कंपन्यांच्या कानावर गेला.

आपल्या 'इन'ची कथा शांत आहे. १९८९ साली ते नोंदले गेले. त्याची व्यवस्था प्रथम मुंबईतील 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी'कडे होती. २००५ पासून ती 'निक्सी' या संस्थेकडे आहे. २००५ पूर्वी कागदपत्रे दाखवून 'सीओ डॉट इन'सारख्या उपविभागात नाव मिळे. २००५ पासून सरळ 'इन'खाली, आणि तेही जगातील कोणालाही, नाव घेता येऊ लागले. म्हणून नुसते 'इन' पाहून माणूस भारतीय आहे असे समजू नये. मात्र 'इन'च्या डावीकडे काही राखीव वाडे आहेत. 'जीओव्ही डॉट इन' आणि 'एनआयसी डॉट इन' शासनाचे. 'एसी', 'ईडीयू' आणि 'आरईएस डॉट इन' ही शिक्षण-संशोधन संस्थांची नावे 'अर्नेट इंडिया' कागदपत्रे तपासून देते. शब्द साधेच आहेत. त्यांना अर्थ आला तो वेशीवरच्या तपासणीमुळे.

देश नाही आणि व्यापारही नाही, केवळ भाषा, अशा आधारावर अंत्यपद मिळू शकते काय? आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्या काढलेल्या मंडळींना हा प्रश्न जवळचा वाटेल. याचे पहिले उत्तर कातालान भाषकांनी मिळविले. ही भाषा स्पेनमधील कातालोनिया, वालेन्सिया व बालेआरिक बेटांत, अँडोरात, दक्षिण फ्रान्सच्या एका कोपऱ्यात आणि सार्डिनियातील आल्गेरो या एका गावात बोलली जाते. एक भाषा आणि चार देश! 'आम्ही राष्ट्र आहोत की नाही हा वाद बाजूला ठेवा, आमची भाषा आहे ना?' असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. २००५ साली 'सीएटी' हे पद मान्य झाले. इंग्रजीत त्याचा अर्थ मांजर होतो खरा. पण नाव घेणाऱ्याने कातालान भाषेशी वा संस्कृतीशी नाते दाखविले पाहिजे, असा नियम केल्यामुळे मांजरप्रेमींना ते सहजासहजी मिळाले नाही. पुढे २० सप्टेंबर २०१७ रोजी, स्पेनने बेकायदा ठरविलेल्या कातालोनियाच्या सार्वमतापूर्वी, बार्सेलोनातील या नोंदणीसंस्थेच्या कचेरीवर पोलिसांची धाड पडली, कारण सार्वमताची संकेतस्थळे 'सीएटी'वर होती. भाषेचे पद घेतले म्हणून राजकारण टळत नाही, हेही त्या लोकांनी पाहिले.

मराठीला असे स्वतंत्र अंत्यपद नाही. २०१२ साली आयकॅनने दारे उघडली तेव्हा १,९३० अर्ज आले. बास्क, गॅलिशियन, ब्रेटन भाषकांनी आपापली पदे मिळविली. अर्जाचे शुल्क १,८५,००० डॉलर होते, आणि २०२६च्या फेरीसाठी ते २,२७,००० डॉलर ठरले. शिवाय नोंदवही वर्षानुवर्षे चालविण्याचा खर्च वेगळा. आपल्या साहित्य संमेलनांतील ठराव वाचले की हा खर्च कोणी करील असे मला वाटत नाही, आणि तो प्राधान्याने करावा असेही वाटत नाही. कारण आपल्या लिपीतील एक पद आपल्यापाशी आहे.

ते पद म्हणजे 'डॉट भारत'. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ते देवनागरीत सुरू झाले. मराठी, कोंकणी, हिंदी, नेपाळी इत्यादी भाषांतील संपूर्ण नाव त्याखाली लिहिता येते. पुढे इतर लिप्यांतही ते आले. त्यामुळे आपल्या शेजाऱ्यांना ते तेलुगूत घेता येते. 'कॉम', 'नेट' आणि 'संगठन' हीही देवनागरी पदे आहेत, पण ती विदेशी कंपन्या-संस्थांच्या वह्या आहेत. यंत्राचा पाया मात्र अजून रोमनच आहे. सव्वीस अक्षरे, दहा अंक आणि एक आडवी रेघ एवढेच त्याला कळते. आपण 'भारत' लिहितो तेव्हा पडद्यामागे त्याचे रोमन अक्षरांच्या एका अगम्य माळेत रूपांतर होते; ती माळ 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होते. वाचकाला देवनागरी, यंत्राला सांकेतिक रोमन, असा हा दुभाष्याचा व्यवहार आहे.

या ठिकाणी मराठीचा एक खास प्रश्न उभा राहिला आणि तो सुटला, हे मला आवर्जून सांगायचे आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. हिंदीला हा भेद माहीत नाही. संगणकावर हा अर्धा 'ऱ्' पुष्कळदा एका अदृश्य जोडचिन्हाने काढीत. आणि नावांत अदृश्य चिन्हे असू देणे म्हणजे फसवणुकीला मोकळे रान, कारण दिसायला एक असलेली दोन नावे तयार होतात. तेव्हा अंत्यपदांसाठी देवनागरीची जी नियमावली तज्ज्ञांनी केली, तीत अदृश्य चिन्ह वर्ज्य ठरविले आणि त्याऐवजी खाली बिंदू असलेला 'ऱ' हलन्त करून 'य' किंवा 'ह' यांना जोडण्याची मुभा दिली. आपल्या 'दऱ्या'ला 'दर्या' करून टाकले नाही. एका अर्ध्या अक्षरासाठी कोणी एवढा खल केला, याचे मला समाधान आहे.

अडचणी आहेतच. रेल्वेचे, बँकेचे किंवा परीक्षेचे अनेक अर्ज देवनागरी ई-मेल पत्ता स्वीकारीत नाहीत. परदेशातील माजी विद्यार्थ्याच्या कळफलकावर देवनागरी नसते. त्यामुळे 'भारत' हे शाळेचे एकमेव दार करू नये; दुसरे दार म्हणून अवश्य करावे.

आता फसवणुकीविषयी, कारण याच कारणासाठी काही श्रोते आले असतील. 'आपले खाते आज बंद होणार, खालील कडीवर दाबा' असा निरोप येतो. कडीत बँकेचे नाव अगदी ठळक असते. लबाडीचे मर्म असे की बिंदूंच्या डावीकडे काय लिहावे यावर कोणाचेही नियंत्रण नाही. ज्याने 'अमुक डॉट कॉम' हे नाव घेतले, तो त्याच्या डावीकडे आपल्या बँकेचे, आयकर खात्याचे, एवढेच काय, रिझर्व्ह बँकेचेही नाव लिहू शकतो. भाड्याच्या खोलीवर कोणी 'जिल्हाधिकारी कार्यालय' अशी पाटी लावावी, तसे ते. म्हणून कडीत पहिली एकेरी तिरपी रेघ शोधावी. आरंभीच्या दोन जोड-रेघा सोडून द्याव्यात. त्या एकेरी रेघेच्या लगेच डावीकडे जे पद असेल तेच अंत्यपद. तेथून एकेक बिंदू मागे जात वाचावे. 'जीओव्ही डॉट इन' अगदी शेवटी असेल तर ते शासनाचे. तेच शब्द मधे असून शेवटी 'कॉम' किंवा आणखी काही असेल तर ते शासनाचे नव्हे. बिंदूच्या जागी आडवी रेघ असेल तर तो वेगळा शब्द झाला, विभाग नव्हे. आणि पत्ता दिसतच नसेल, नुसते 'येथे दाबा' असेल, तर दाबू नये, बँकेत जावे.

बँकांपुरती एक चांगली सोय झाली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'बँक डॉट इन' हा राखीव विभाग जाहीर केला आणि भारतातील बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली स्थळे त्याखाली आणावीत असा आदेश दिला. या विभागात बँकेशिवाय कोणालाही नाव मिळत नाही. नावे देणारी एकमेव निबंधक संस्था आहे 'आयडीआरबीटी', आणि ती आपल्याच शहरात, मासाब टँक येथे आहे. म्हणजे आपल्या खातेपुस्तकावरील बँकेचा पत्ता 'बँक डॉट इन'ने संपत असेल, तर त्या दोन शब्दांची तपासणी येथून दोन-चार मैलांवर झालेली आहे.

राहता राहिला शाळेच्या नावाचा प्रश्न. माझे मत विचारले गेले आहे म्हणून सांगतो. 'ईडीयू डॉट इन' घ्यावे. कागदपत्रांसाठी कार्यवाहांना थोडे हेलपाटे पडतील, पण त्या हेलपाट्यांतच त्या पदाची पत आहे. जोडीला 'भारत'खाली शाळेचे नाव देवनागरीत घेऊन ते त्याच स्थळाकडे वळवावे. माजी विद्यार्थी संघाला हवे तर 'ऑर्ग' घेता येईल.

परंतु पदापेक्षाही महत्त्वाची एक बाब बैठकीच्या वृत्तांतात मला दिसली नाही. ही नावे विकत मिळत नाहीत. मुदतीच्या पट्ट्याने मिळतात. 'कॉम' आणि 'इन'चा पट्टा एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा असतो. मुदत टळली आणि सवलतीचे काही आठवडे गेले, की नाव दुसऱ्या कोणालाही मिळते. एका जुन्या मराठी वाचनालयाचे असे झाले. नाव एका उत्साही सभासदाने स्वतःच्या नावे, स्वतःच्या ई-मेलवर घेतले होते. ते परदेशी गेले, स्मरणपत्रे त्यांच्या बंद पडलेल्या पेटीत जात राहिली, आणि एके दिवशी वाचनालयाच्या पत्त्यावर जुगाराचे दुकान उघडले. छापील स्मरणिकांवर तो पत्ता आजही आहे. तेव्हा नाव संस्थेच्याच नावे घ्यावे, ई-मेल पदाचा असावा, व्यक्तीचा नसावा; नूतनीकरणाची तारीख शाळेच्या मिळकतीच्या नोंदवहीत, इमारतीच्या कराच्या खालच्या ओळीत लिहावी, आणि दरवर्षी जूनमधील पहिल्या सभेत कार्यवाहांनी ती वाचून दाखवावी.